जादा निघालेली विहीर

आमच्या सरकारी कारखान्यात चोराला कुणी भीत नसे. भीती असायची ती जादा निघालेल्या मालाची. हे बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो, मग मला पहिल्यापासून समजावून द्यावं लागतं आणि माझं डोकं फिरतं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

पनवेल स्टँडवरून कंपनीची बस सुटायची आणि उरणच्या रस्त्याला लागली की न्हावा शेव्याच्या ट्रेलरांच्या मागे अडकून पडायची. कारखान्यात पोचेपर्यंत निम्म्या लोकांची एक झोप झालेली असे. उरलेल्यांची तिथे गेल्यावर होई. मी स्टोअरमध्ये अधिकारी होते. स्टोअर म्हणजे पत्र्याच्या छपराखालचं एक अजस्र गोदाम. नट, बोल्ट, बेअरिंग, व्हॉल्व्ह, विजेच्या मोटारी, ग्रीसचे डबे, आणि कशासाठी मागवल्या होत्या हे ज्याला ठाऊक होतं तो माणूस कधीच निवृत्त होऊन गेला अशा असंख्य वस्तू.

दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला पडताळणी होई. मुख्यालयातून साहेब लोक येत, गेस्ट हाउसला उतरत, ताजी मासळी मागवत, आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळात आमचा माल मोजत. मोजलेला आकडा कॉम्प्युटरमधल्या आकड्याशी जुळला पाहिजे, एवढीच अट. माल चांगला आहे का, गंजलाय का, ज्या मशीनचा आहे ते मशीन अजून कारखान्यात आहे का, असले फालतू प्रश्न कुणी विचारत नसे.

माल कमी निघाला तर काही बिघडत नसे. कमीसाठी वाक्यं तयार होती. ‘हाताळणीतील घट.’ ‘नैसर्गिक झीज.’ एका वर्षी पितळी व्हॉल्व्ह कमी निघाले, तेव्हा आमच्या व्यवस्थापक साहेबांनी ‘समुद्रसान्निध्यामुळे झालेला ऱ्हास’ असं लिहून पाठवलं आणि ते मंजूर होऊन आलं. म्हणजे कुलूपबंद कपाटातलं पितळ खाऱ्या वाऱ्याने विरघळून गेलं. कुलूप तेवढं शाबूत राहिलं. मुख्यालयात एकाही माणसाला यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, पण मला विचारतो कोण!

जादा निघाला तर मात्र मेलात. जादा माल आला कुठून? तुम्ही कुणाच्या नावावर खोटं वाटप दाखवलं? पुरवठादाराशी तुमचं काय साटंलोटं आहे? चौकशी, खुलासा, पुन्हा खुलासा, बढती लांबणीवर. खरं कारण बहुतेक वेळा अगदी साधं असे. वर्कशॉपमधल्या कुणीतरी न लागलेलं बेअरिंग इमानदारीत परत आणून फडताळात ठेवलेलं असे, किंवा पेटीत चुकून एक नग जास्त आलेला असे. पण इमानदारीसाठी आमच्याकडे फॉर्म नव्हता.

त्यामुळे पडताळणीच्या आधी आमच्याकडे ‘साफसफाई’ चाले. आम्ही आधी आपल्याआपण गुपचूप मोजून घेत असू आणि जे जादा निघेल ते मागच्या यार्डातल्या जुन्या विहिरीत टाकलं जाई. नवीकोरी, तेलकट कागदात गुंडाळलेली बेअरिंग. अख्खे व्हॉल्व्ह. एका वर्षी एक मोटार. सरकारी पैशाने घेतलेला माल सरकारी नोकर सरकारी वेळात विहिरीत लोटत आणि हात झटकून चहाला जात. ही पद्धत कुणी सुरू केली कुणास ठाऊक. मी लागले तेव्हा ती होतीच. नव्या माणसाला ती कुणी शिकवत नसे, आणि कुणी विचारतही नसे.

ती विहीर आमच्या खलाशाची होती. जड सामान उचलणाऱ्याला आमच्याकडे खलाशी म्हणतात. कारखान्यासाठी गावाची जमीन घेतली तेव्हा त्याच्या आजोबांची शेतं गेली आणि त्या बदल्यात पुढे याला नोकरी मिळाली. हा काही बिचारा वगैरे माणूस नव्हता. आवाज ढोलासारखा, पत्त्यात हरला की शिव्यांची लाखोली, युनियनच्या सभेत पहिल्या रांगेत आणि दुपारच्या जेवणानंतर गोदामात कुठे आडवा झालाय ते शोधावं लागे. विहिरीत माल लोटायला मात्र तोच पुढे असे. “घे गो, तुला अजून एक,” असं विहिरीला म्हणून तो व्हॉल्व्ह सोडून द्यायचा आणि पाण्याचा आवाज आला की खुशीत हसायचा.

एकदा मी त्याला म्हटलं, “अहो, तुमच्या आजोबांची विहीर ना ही? तुम्हाला काही वाटत नाही?”

“वाटायचं काय, मॅडम? भाएर टाकला तं भंगारवाला नेईल. आमच्या बावीत टाकला तं निदान घरात तरी ऱ्हाईल,” तो म्हणाला. विहिरीला त्यांच्याकडे बाव म्हणतात.

या उत्तरावर मी पण हसले होते. त्याच्या मुलीचं लग्न ठरेपर्यंत आम्हाला दोघांनाही ही गोष्ट हसण्यावारीच वाटत होती.

लग्न एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होतं, म्हणजे नेमकं पडताळणीच्या आठवड्यात. तो माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला तेव्हा मला वाटलं रजा मागतोय. पण रजेसाठी त्याचा आवाज कधी इतका खाली गेला नव्हता.

“मॅडम, हलदीचं पानी न्यायचं हाय.”

मग त्याने सांगितलं. त्यांच्या घरात हळद लावून झाल्यावर मुलाला-मुलीला जी आंघोळ घालतात, तिचं पाणी त्याच बावीचं. त्याच्या आत्यांची हळद उतरली ती ह्या पाण्याने, त्याच्या बहिणींचीही त्याच. त्याच्या स्वतःच्या लग्नात तेव्हाच्या साहेबांनी बायकांना गेटातून आत सोडलं होतं, दोन हंडे भरून नेऊ दिले होते. आता मुलीची पाळी. म्हाताऱ्या आईने सांगितलं होतं, दुसरं काही नको, मंडप लहान घाला, बँजो नको, पण पाणी बावीचं पाहिजे.

“आयेला म्हाईत नाय तिच्यात काय हाय ते,” तो म्हणाला. “मॅडम, बगा ना काय व्हतंय का. वरच्या वर दोन हंडे काडून देतो. तिला आत वाकू देनार नाय मी.”

त्या दिवशी मी त्याच्याबरोबर विहिरीवर गेले. उन्हाळ्याने पाणी खाली गेलं होतं. मोटारीची पाठ पाण्याबाहेर आली होती, तिच्यावर कंपनीचा निळा रंग अजून शाबूत. भोवती पाण्यावर तेलाचा तवंग. खलाशी कठड्यावर हात टेकून बराच वेळ बघत राहिला आणि मग स्वतःलाच एक घाणेरडी शिवी दिली. मला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला, पण तो नक्की कुणाचा हे तेव्हा सांगता आलं नसतं.

मी व्यवस्थापक साहेबांकडे गेले. हा गृहस्थ म्हणजे ‘तंतोतंत’ या शब्दाचा भक्त. टेबलावरचा पेपरवेटसुद्धा सरळ रेषेत. बदली होऊन आला तेव्हापासून त्याला एकच ध्यास, की आमच्या स्टोअरचा अहवाल मुख्यालयात नमुना म्हणून दाखवला जावा. मी सांगितलं, दोन हंडे पाणी आहे, बायका येतील, अर्ध्या तासात जातील. त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता नियम निघणार.

“बाहेर काय जाणार आहे?”

“पाणी, सर.”

“म्हणजे साहित्य बाहेर जाणार. मग गेटपास लागेल.”

मला वाटलं गंमत करतायत. हा माणूस आयुष्यात कधी गंमत करत नव्हता हे मी त्या क्षणी विसरले. मी जाऊन गेटपास भरून आणला. ‘विहिरीचे पाणी, हंडे दोन.’ पुढे रकाना होता, परत येणारे की परत न येणारे. मी लिहिलं, परत न येणारे. साहेबांनी तो कागद दोन्ही हातांनी धरून वाचला.

“परत न येणारं साहित्य द्यायचं तर ते आधी आपल्याकडे जमा असलं पाहिजे. पाण्याचा कोड नंबर काय?”

“सर, पाणी आहे. विहिरीत आपोआप येतं.”

“आवक नसताना जावक कशी दाखवणार, मॅडम?”

मग त्यांनी कारखान्याचा नकाशा मागवला. खरंच मागवला. टेबलावर पसरून, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवून आम्ही मागचं यार्ड शोधलं. नकाशात यार्ड होतं, कुंपण होतं, कधी न बांधलेला सायकल स्टँडसुद्धा होता. विहीर नव्हती. जमीन घेतली तेव्हा मोजणीवाल्यांनी घरं लिहिली, झाडं लिहिली, विहीर राहून गेली. त्यामुळे तिची नुकसानभरपाई दिली गेली नव्हती आणि ती कंपनीच्या मालमत्तेतही कधी चढली नव्हती. ज्या विहिरीत वर्षानुवर्षं आम्ही माल लोटत होतो ती मुळात अस्तित्वातच नव्हती.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना पाण्याचं, लग्नाचं, म्हातारीचं काही पडलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे पडताळणीवाले आले. कुणी चुकून यार्डात गेलं आणि वाकून बघितलं तर निळी मोटार दिसणार. ती नाही दिसली तरी विहीर दिसणार.

“ही विहीरच जादा आहे,” ते पुटपुटले.

खलाशाला त्यांनी केबिनमध्ये बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं की विहिरीचं पाणी आरोग्याला बरं नाही, कंपनी हवं तर टँकर पाठवेल, टँकरचा गेटपास असतो. खलाशी दारातच उभा होता. नकाशा त्याच्यासमोर पसरलेला. त्याने विचारलं, “बाव कुटं हाय यात?”

“यात नाही. आमच्या कुठल्याच कागदात नाही. म्हणून तर अडचण आहे.”

तो दारातून पुढे आला आणि नकाशावर वाकला. मग त्याचा नेहमीचा आवाज परत आला, इतका की बाहेरचे टायपिस्ट मान वर करून बघायला लागले.

“कागदात नाय म्हंजी तुमची नाय ना, सायेब? आनि तुमची नाय तं मंग आमचीच. जमीन दिली आमी. बाव दिलीच नाय. आमच्या बावीचं पानी न्यायला तुमचा पास कशाला पायजे?”

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सगळ्या नोकरीत मी इतकं सरळ वाक्य त्या केबिनमध्ये ऐकलं नव्हतं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, नकाशाची गुंडाळी केली आणि म्हणाले, “बघतो. येऊ द्या बायकांना.”

खलाशी खूश होऊन गेला. जाताना मला म्हणाला, “मॅडम, हलदीला यायचं हां तुमी. मटन खानार ना?” मीही खूश झाले. वाटलं, साहेबांतही कुठेतरी माणूस आहे. इतकी वर्षं सरकारी नोकरी करून मला अजून असं वाटू शकत होतं, हे माझं मलाच आज नवल वाटतं.

हळदीच्या आदल्या दिवसापासून खलाशी घरच्या कामासाठी रजेवर होता, आणि हळदीच्या सकाळी मी पडताळणीच्या गडबडीत. बायका आल्या तेव्हा गेटवरून फोन आला म्हणून मी धावत गेले. दहाबारा जणी, नऊवारी नेसलेल्या, डोक्यात गजरे. म्हातारी पुढे, तिच्या मागे खलाशी. बायकांतल्या दोघींच्या डोक्यावर तांब्याचे घासून लखलखीत केलेले हंडे, त्यांना हळदीची बोटं ओढलेली, तोंडाला आंब्याची पानं. गाणं म्हणत त्या कारखान्याच्या डांबरी रस्त्यावरून चालू लागल्या आणि वर्कशॉपमधली माणसं काम सोडून बघत उभी राहिली. काम म्हणजे तसं विशेष सुटलं असं नाही.

यार्डाचा कोपरा वळलो आणि गाणं थांबलं.

विहीर नव्हती. तिथे लाल मुरूम पसरून, रोलर फिरवून चोपून काढलेली सपाट जमीन होती. कठड्याचे दगडसुद्धा आत गेले होते. वर गंजक्या पायपांचा ढीग व्यवस्थित रचलेला, आणि नवीन पाटी. ‘भंगार साठा.’ पाटीचा रंग अजून ओला होता. आदल्या दिवशी मला साहेबांनी काही कागद घेऊन बेलापूरला पाठवलं होतं. का पाठवलं ते आता कळलं.

म्हातारीला काही कळेना. ती इकडे गेली, तिकडे गेली, कुंपणाजवळच्या चिंचेपर्यंत जाऊन परत आली. मग मुलावर खेकसली, “कुटं आनलास रं? ही नाय ती जागा. तुला आपली बाव म्हाईत नाय?”

 एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, तो नुसता त्या ओल्या पाटीकडे बघत राहिला. म्हातारीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग खाली मुरमाकडे पाहिलं. तिने मुरमावर पायाचा अंगठा दाबला. मग ओटीचा नारळ तिथेच ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि वळली. एकही बाई रडली नाही. मला रडू येत होतं आणि मी ओठ दाताखाली धरून उभी होते.

तमाशा अजून संपला नव्हता. गेटवर सुरक्षारक्षकाने त्यांना अडवलं. तांब्याचे दोन हंडे बाहेर चालले होते आणि आत येताना त्यांची नोंद झाली नव्हती. गाण्याच्या नादात रक्षकच नोंद करायला विसरला होता, पण आता त्याला एकदम कर्तव्य आठवलं. “मॅडम, धातू आहे. पास लागेल,” तो मला म्हणाला. म्हणजे ज्यांच्या जमिनीवर हा उभा, ज्यांची विहीर कालच्या काल गिळली, त्यांच्याच घरचे हंडे हे आता कंपनीचे असल्याचा संशय! मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन्ही हंडे मी स्वतः उचलले, काखेत धरले आणि पासाशिवाय गेटाबाहेर पडले. त्याबद्दल मला पुढे मेमो मिळाला. तो मी घरी भाजीच्या सालीसकट कचऱ्यात टाकला.

बाहेर रस्त्यावर ट्रेलर धुरळा उडवत चालले होते. म्हातारी माझ्या हातून हंडे घेईना. “हलदीच्या दिशी रिकामा हंडा घरान कसा नेऊ, बाय?” असं म्हणून ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली.  शेवटी तिनेच समोर बोट दाखवलं. ट्रेलरवाल्यांसाठी एका भय्याची सरबताची टपरी होती, शेजारी पाण्याचं निळं प्लॅस्टिकचं पिंप.

खलाशाने दोन्ही हंडे त्या पिंपातून भरले. म्हातारीने बोट बुडवून बघितलं. पाणी उन्हाने कोमट झालं होतं.

“बरफ टाक,” ती म्हणाली.

“आये...”

“टाक बोलते ना. बावीचं पानी असं नसतं.”

भय्याने गोणपाटातली लादी फोडून दिली. बर्फ हंड्यांत पडला, वरून आंब्याची पानं पुन्हा लावली. मग म्हातारी सगळ्या बायकांकडे वळली आणि म्हणाली, “पानी बावीचं हाय. पोरीच्या कानावर दुसरं काय पडलं तर माज्याशी गाठ हाय.” आणि तिनेच पहिल्यांदा गाणं उचललं. त्या गात गात गावाच्या वाटेला लागल्या. मी परत आत गेले, कारण पडताळणी चालू होती. साहेबांनी हसून सांगितलं, साठा नोंदीशी तंतोतंत जुळतोय. त्यांना पुढे प्रशस्तिपत्र मिळालं. ज्या कारखान्याने कित्येक वर्षं एकदाही वेळेवर उत्पादन दिलं नाही, त्याच्या साठ्याचा अहवाल इतर कारखान्यांना नमुना म्हणून धाडला गेला.

संध्याकाळी मी हळदीला गेले. मंडप लहानच होता. मुलगी पिवळीधमक होऊन पाटावर बसलेली, भोवती बायकांचा गोंधळ. म्हातारीने तांब्या हंड्यात बुडवला आणि तिच्या खांद्यावरून पाणी ओतलं. मुलगी शहारली, हसली, आणि ओरडली, “आजी, कसं गार हाय गो! बावीचं पानी ना? आयुष्यात एवडं गार पानी बगितलं नाय मी.”

“बावीचंच हाय,” म्हातारी म्हणाली आणि दुसरा तांब्या भरला.

खलाशी माझ्या शेजारी मंडपाच्या खांबाला धरून उभा होता. तो मला म्हणाला, “मॅडम, जेवून जावा,” आणि मंडपाबाहेर निघून गेला. तो परत आला नाही. मी त्याची वाट पाहिली आणि न जेवता शेवटच्या रिक्षाने पनवेलला आले.